लळा न लागणाऱ्या जिवाची काळजी

पहिल्यांदा साप पाळू पाहणारा माणूस हटकून एक प्रश्न विचारतो: "तो मला ओळखेल का?" प्रश्न साहजिक आहे. कुत्रा दारात वाट पाहतो, मांजर पायांत घोटाळते, पोपट हाका मारतो. पाळीव प्राणी म्हटला की ही देवाणघेवाण आपण गृहीतच धरतो. साप यातले काही करत नाही. वर्षानुवर्षे सांभाळलेला साप धनी गावाला गेला म्हणून अन्न सोडत नाही आणि परत आला म्हणून हरखत नाही. धन्याच्या हाताचा वास त्याच्या सरावाचा होतो, त्या हाताची भीती कमी होते. याहून जास्त काही मिळेल अशी आशा धरू नये.

माझे म्हणणे असे, की नेमक्या याच कारणामुळे साप पाळण्याकडे गंभीरपणे पाहायला हवे. जिथे मायेची परतफेड नाही, तिथे काळजी म्हणजे काय ते उघडे पडते. आपण त्या जिवाची गरज ओळखतो आहोत की त्याच्या निमित्ताने आपली हौस भागवतो आहोत, याचा निवाडा सापाच्या पेटीत फार लवकर होतो. हा निवाडा मान्य असेल त्याने साप पाळण्याचा विचार करावा. नसेल त्याने करू नये, आणि त्यात कमीपणाही मानू नये.

साप पाळण्याचा छंद कायद्याच्या चौकटीत रुजला तो मुख्यतः अमेरिका, ब्रिटन आणि युरोपात. ब्रिटनमधला २००६ चा प्राणी कल्याण कायदा या बाबतीत वाचण्याजोगा आहे. प्राणी सांभाळणाऱ्याने पाच गरजा भागवल्याच पाहिजेत, असे तो सांगतो: योग्य निवारा, योग्य आहार, स्वभावानुसार वागण्याची मोकळीक, जातीप्रमाणे सोबत किंवा एकांत, आणि वेदना, इजा व आजारांपासून संरक्षण. सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकायला याच कायद्याने बंदी आहे. या पाच कलमांत प्रेमाचा उल्लेख नाही. कायदा करणाऱ्यांना प्रेमाचे वावडे होते असे नाही. प्रेम आहे की नाही हे तपासता येत नाही. पाणी आहे की नाही, ऊब आहे की नाही, हे तपासता येते. सापाच्या बाबतीत हा फरक जन्ममरणाचा ठरतो.

तिकडे नवख्याला बहुधा कॉर्न स्नेक सुचवला जातो. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या पाइनच्या रानांत, माळांवर, शेतांत आणि धान्याच्या कोठारांच्या आसपास राहणारा हा बिनविषारी साप. लांबी साधारण तीन ते पाच फूट, अंगावर केशरी-तांबडे डाग, स्वभाव सोशिक. कित्येक पिढ्या त्याची पैदास बंदिवासातच होत आली आहे, त्यामुळे रानातून पकडून आणलेला जीव विकत घ्यावा लागत नाही. दुकानदार त्याला 'सोपा साप' म्हणतात. सोपा याचा अर्थ एवढाच की, माणसाच्या काही चुका तो मुकाट सोसतो. सोसणारा प्राणी तक्रार करत नाही, म्हणून त्याचे हाल उशिरा कळतात. नवख्याने पहिल्याच दिवशी ही गोष्ट मनात पक्की केली पाहिजे.

सगळ्यात मोठी गरज उबेची. आपले शरीर अन्न जाळून ऊब तयार करते. साप ती बाहेरून घेतो. रानात तो उन्हात तापलेल्या दगडावर येतो, पुरेसे झाले की बिळात शिरतो. पेटीत हे सगळे आपल्याला करून द्यावे लागते. कॉर्न स्नेकसाठी पेटीची एक बाजू २९ ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसरी बाजू २२ ते २५ अंश असावी लागते. मधे उतरती ऊब, म्हणजे कुठे बसायचे ते साप ठरवील. दोन्ही बाजूंना अंग चोरून बसता येईल अशी एकेक लपण हवी. नाही तर ऊब आणि सुरक्षितता यांतले एकच निवडण्याची पाळी त्याच्यावर येते. गरम करणारी गादी किंवा दिवा थर्मोस्टॅटशिवाय वापरायचाच नाही. पोटाखालची जागा भाजण्याइतकी तापली तरी साप तिथून वेळेवर हलेलच असे नाही. पशुवैद्यांकडे पोट भाजलेले साप येतात, ते बहुतेक अशा घरांतून जिथे साप हौसेने आणला आणि थर्मोस्टॅट 'पुढच्या महिन्यात घेऊ' म्हणून राहून गेला.

पेटी किती मोठी हवी, यावर ब्रिटनमध्ये बराच वाद झाला आहे. सापाला मोठ्या जागेत असुरक्षित वाटते, आखूड पेटी पुरते, असे जुने पाळणारे सांगत. प्राणी कल्याणाच्या बाजूचे लोक विचारतात की ज्याला उभ्या आयुष्यात एकदाही अंग सरळ करता येत नाही, त्याच्या 'स्वभावानुसार वागण्याच्या मोकळिकीचे' काय? मला दुसरी बाजू पटते. मोठ्या जागेत साप घाबरतो तो जागेला नव्हे, उघडेपणाला. लपणी, फांद्या, पालापाचोळा दिला की तीच जागा तो वापरू लागतो. साप पूर्ण ताणून पसरू शकेल एवढी लांब पेटी ही माझ्या मते किमान अट आहे. एवढी जागा घरात नसेल तर साप आणू नये.

बर्मिंगहॅमजवळ राहणाऱ्या माझ्या भावाच्या घरी असा एक कॉर्न स्नेक आहे. नावावर भावाच्या, कारण त्याच्या मुलीचे वय तेरा; पण सांभाळते तीच. त्याला खाऊ घालताना मी पाहिले ते सविस्तर सांगते. फ्रीझरमधला उंदीर तिने आदल्या रात्री पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला होता. संध्याकाळी तो पिशवीसकट गरम पाण्याच्या वाडग्यात सोडला. हा वाडगा वेगळा, स्वयंपाकघरातल्या भांड्यांत तो मिसळत नाही. उंदीर आतपर्यंत ऊबदार झाल्याची खात्री करून तिने तो लांब चिमट्यात धरला आणि पेटीच्या दाराशी नेला. लपणीतून आधी जीभ आली. तिचा वेग वाढला, मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळली आणि पुढच्या क्षणी उंदीर विळख्यात होता. उंदीर मेलेला होता, तरी सापाने तो दोन वेढ्यांत काही वेळ आवळून धरला, जिवंत भक्ष्याचा दम कोंडावा तसा. मग वेढे सैल करून नाकाने चाचपत उंदराचे डोके शोधले आणि तिथून गिळायला सुरुवात केली. जबड्याची एक बाजू पुढे, मग दुसरी. शेवटी त्याने दोनदा तोंड भरून जांभई दिली, जबडा जागेवर बसवला आणि तो उबेच्या बाजूला निघून गेला.

मुलीने वहीत तारीख आणि उंदराचे वजन लिहिले, कोपरापर्यंत हात धुतले आणि मला म्हणाली, "आत्या, आता दोन दिवस त्याला हात लावायचा नाही हं." माझा तसा इरादा नव्हताच, पण तिने सगळ्यांनाच बजावून ठेवले होते. तेरा वर्षांच्या मुलीला आपल्या आवडत्या प्राण्याला दोन दिवस हात न लावणे जमते, कारण हात न लावणे हेच या प्राण्यासाठी करण्याजोगे आहे हे तिला कळले आहे. काळजीची याहून चांगली शिकवण मला ठाऊक नाही.

त्या दोन दिवसांमागे शरीराची मोठी खटपट असते. बर्मी अजगरावरच्या एका अभ्यासात आढळले की मोठे भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांत त्याच्या हृदयाच्या जवनिकेचे वस्तुमान सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. २००५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अजगराचे सगळे मोजमाप कॉर्न स्नेकला लागू होणार नाही, पण पचन हे सापाच्या आयुष्यातले अंगमेहनतीचे काम आहे हे त्यातून कळते. त्या वेळी त्याला उचलले, घाबरवले किंवा पेटी थंड पडू दिली, तर तो अन्न उलटून टाकतो. अर्धवट पचलेले भक्ष्य आणि जठररस उलट दिशेने येतात, अन्ननलिका दुखावते, आणि पुढचे खाणे दहाबारा दिवस लांबवावे लागते. नवखा माणूस 'उपाशी राहिला बिचारा' म्हणून लगेच दुसरा उंदीर देतो आणि दुखणे वाढवतो.

भुकेबद्दलही आपले मोजमाप सोडून द्यावे लागते. पिल्लाला पाच ते सात दिवसांनी, मोठ्या कॉर्न स्नेकला दहा ते चौदा दिवसांनी, शरीराच्या सगळ्यात जाड भागाएवढ्या जाडीचा एक उंदीर पुरतो. जिवंत उंदीर देऊ नये. कोंडलेला उंदीर जिवावर उदार होऊन सापाला चावतो आणि त्या जखमा चिघळतात. बॉल पायथन हा पश्चिम आफ्रिकेतला अजगर तर आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही खात नाही आणि तरी ठणठणीत असतो. अशा वेळी घाबरून त्याच्या तोंडात अन्न कोंबण्यापेक्षा स्वयंपाकघरातल्यासारखा एक ग्रॅमचा काटा आणावा आणि वजन लिहून ठेवावे. वजन टिकून असेल तर थांबावे. वजन उतरत असेल, श्वास घेताना घरघर येत असेल, तोंडाशी फेस दिसत असेल किंवा साप तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, तर सापांचे उपचार जाणणाऱ्या पशुवैद्याकडे जावे. असा वैद्य आपल्या गावात आहे का, हे साप आणण्याआधीच शोधून ठेवायचे असते.

कात टाकण्याच्या दिवसांत हीच परीक्षा पुन्हा होते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातेबरोबर तोही निघतो. कात टाकायच्या आधी काही दिवस डोळे दुधाळ निळसर होतात, नजर मंदावते, रंग फिका पडतो. या काळात साप चिडचिडा होतो, लपून राहतो, बहुधा खात नाही. हवेत पुरेसा ओलावा असेल तर कात ओठांपासून सुटते आणि उलट्या मोज्यासारखी अखंड निघते. ओलावा कमी पडला की ती तुकड्यातुकड्यांनी चिकटून राहते. शेपटीच्या टोकाला आवळली गेली तर रक्तपुरवठा थांबतो, डोळ्यावरचा खवला राहिला तर डोळा जाऊ शकतो. उपाय साधा असतो: ओलसर शेवाळ भरलेली एक डबी पेटीत ठेवायची. ती डबी साप स्वतःच वापरतो. चिमट्याने कात ओढणारा हात मायेचा असला तरी इजाच करतो.

माझा मुद्दा इथे पुरता उलटा करून कोणी म्हणेल: मग सापाला काहीच भावना नसतात, तो एक चालते यंत्र आहे, असेच ना? तसे मी म्हणत नाही. कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिये विद्यापीठात गार्टर सापांवर काम झाले. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झाले. आसऱ्यासाठी एकत्र येताना हे साप ठरावीक सोबती निवडतात आणि त्यांना पांगवले तरी पुन्हा त्यांच्याच घोळक्यात परततात, असे त्यात दिसले. सापाला स्वतःचे जग आहे, त्यात आवडीनिवडी आहेत, धीटपणा आणि भित्रेपणाही आहे. त्या जगाच्या केंद्रस्थानी आपण नसतो, एवढेच. हातावर शांत पडलेला साप सुखात आहे की भीतीने गोठला आहे, हे नवख्याला कळत नाही. जीभ सावकाश आत-बाहेर होते आहे, अंग सैल आहे, तो स्वतःच्या गतीने पुढे सरकतो आहे, तर बरे. अंग ताठ, जीभ बंद, डोके वेटोळ्यात लपवलेले, तर त्याला जागेवर ठेवून द्यावे. फोटो काढणाऱ्यांच्या हातातले बरेच साप या दुसऱ्या अवस्थेत असतात.

इथे सगळ्यात कठीण आक्षेप येतो. ज्याला माणसाची सोबत नको आहे, त्याला काचेच्या पेटीत ठेवायचेच कशाला? कुत्र्याला निदान आपण हवे असतो. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, आणि त्याचे पुरते निरसन करता येते असेही मला वाटत नाही. रानातून पकडलेल्या सापाच्या बाबतीत तर त्याला उत्तरच नाही. तो पकडणे अन्याय आहे. बंदिवासात कित्येक पिढ्या वाढलेल्या सापाच्या बाबतीत एवढे म्हणता येते की, तो जन्माला आलेला आहे, त्याला रानात सोडणे हा गुन्हा ठरेल, आणि नीट सांभाळला तर शिकारी पक्षी, वणवा आणि उपासमार यांपासून तो दूर राहतो. शिवाय ज्या घरात एक साप नीट सांभाळला जातो, तिथली मुले बागेत निघालेल्या सापावर काठी उगारत नाहीत. ही जमेची बाजू खरी आहे. पण ती तेव्हाच जमेला धरायची, जेव्हा पाचही गरजा भागलेल्या असतील. अर्धवट सांभाळलेला साप मुलांना एवढेच शिकवतो की जिवंत प्राणी ही खोलीत मांडून ठेवायची वस्तू आहे.

बाजारही तेच शिकवतो. सापांचे नवनवे रंग आणि नक्ष्या काढण्याची तिकडे मोठी उलाढाल आहे. बॉल पायथनचा 'स्पायडर' नावाचा एक प्रकार बारीक जाळीदार नक्षीसाठी लोकांना आवडला. ज्या जनुकामुळे ती नक्षी येते, त्याच जनुकामुळे या सापांचे डोके डुलते, तोल जातो, काहींना भक्ष्यावर नीट झेपही घेता येत नाही. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांत या प्रकाराच्या विक्रीला बंदी घातली. तरी मागणी संपलेली नाही. विकत घेणाऱ्याने नक्षी पाहिली, प्राणी पाहिलाच नाही. नवख्याच्या हातात इथे एक ताकद आहे: विकत न घेण्याची. तिची किंमत त्याने ओळखावी.

हाच बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या देशांतून जगभर पोहोचला. बेनिनमधल्या विदा गावात अजगरांचे देऊळ आहे. तिथले अजगर रात्री बाहेर सोडले जातात. ते कोणाच्या घरात शिरले तर लोक त्यांना अदबीने परत आणून देतात. ज्या भूमीत हा मान, त्याच भूमीतून या जातीची लाखो पिल्ले निर्यात झाली. भक्तीने साप वाचतोच असे नाही, हे त्या किनाऱ्यावर दिसते, आणि आपल्याकडेही दिसते. त्याकडे पुढे येते.

काळाचा हिशेब तर बहुतेकांनी केलेलाच नसतो. कॉर्न स्नेक नीट ठेवला तर पंधरा-वीस वर्षे जगतो, बॉल पायथन वीस-तीस. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये एका खासगी मालकाकडून आलेली बॉल पायथन मादी २०२० मध्येही जिवंत होती. साठी ओलांडलेल्या या मादीने, वीसेक वर्षे नराचा सहवास नसताना, त्या वर्षी सात अंडी घातली. दहा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला दिलेला साप त्याच्या कॉलेजात, नोकरीत, लग्नात आणि परगावी बदलीतही सोबत असणार आहे. मुलाजवळ नसेल, तर आईवडिलांच्या गळ्यात असणार आहे. म्हणून साप मुलासाठी आणायचा असला तरी हवा तो मोठ्यांनाच असायला हवा.

हा हिशेब न करणाऱ्यांनी काय केले ते फ्लोरिडात पाहावे. पाळायला आणलेले बर्मी अजगर मोठे झाले, झेपेनासे झाले, काही निसटले, काही सोडून दिले गेले. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांनी बस्तान बसवले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अजगर पसरलेल्या भागात, रस्त्यांवरून केलेल्या नोंदींमध्ये रकून आणि ऑपॉसम दिसण्याचे प्रमाण सुमारे ९९ टक्क्यांनी घटले होते, तर बॉबकॅटचे ८७ टक्क्यांनी. ग्रान कनारिया बेटावर कॅलिफोर्नियाच्या पाळीव किंगस्नेकने तिथल्याच महाकाय सरड्यांचा असाच फडशा पाडला. सोडून देणाऱ्या प्रत्येकाला त्या क्षणी आपण दयाळू आहोत असे वाटले असेल. ज्ञान नसलेली दया किती विध्वंस करते, याची याहून ठळक उदाहरणे सापडणार नाहीत. फ्लोरिडा सरकारने आता नको असलेले परदेशी प्राणी कारवाईच्या भीतीविना परत देण्याची सोय केली आहे. नवख्याने आपल्या राज्यात अशी सोय आहे का ते आधी विचारावे.

परदेशातल्या मराठी घरांसाठी आणखी एक गोष्ट. कायदा ठिकाणागणिक बदलतो. न्यूझीलंडमध्ये प्राणिसंग्रहालयालाही साप ठेवता येत नाही. हवाईमध्ये साप बाळगणे हा मोठा गुन्हा आहे. जॉर्जिया राज्यात कॉर्न स्नेक पाळता येत नाही, कारण तो तिथला मूळचा साप आहे. न्यू जर्सीत तो संकटग्रस्त जातींत मोडतो. ज्या भूमीचा साप, तिथे तो रानातच राहावा, हे तत्त्व त्यामागे आहे, आणि ते बरोबर आहे.

भारतातला कायदाही याच तत्त्वावर उभा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याखाली नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ असे आपले देशी साप पकडून घरात ठेवणे, विकणे, प्रदर्शनात मांडणे गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी जातींसाठी २०२४ च्या नियमांनी सरकारच्या 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी सक्तीची केली आहे. नोंद झाली म्हणून साप नैतिक मार्गानेच आला असे होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटे आणि केकच्या पुड्यांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले. पुणे-मुंबईतला जो तरुण 'कुठून आला' हे न विचारता पिल्लू विकत घेतो, तो त्या पुड्यांची मागणी नोंदवत असतो.

देशी सापाच्या बाबतीत तर धोका दुहेरी आहे. 'बिनविषारी आहे' म्हणून कोणी कवड्या धरायला जातो आणि हातात मण्यार असतो. अजगराचे पिल्लू किंवा डुरक्या घोणस समजून कोणी खऱ्या घोणशीला उचलतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे. या देशात साप ओळखायचा सराव हातात धरून करायचा नसतो.

आणि भक्तीबद्दल म्हणाल, तर नागपंचमीला टोपलीत आलेल्या नागाची अवस्था आठवावी. दात काढलेला, कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला नाग तहानेपोटी समोर आले ते दूध पितो. ते त्याला पचत नाही आणि बहुधा तो त्यानेच मरतो. मांडुळाचे हाल त्याहून वाईट. हा निरुपद्रवी, बोथट शेपटीचा साप गुप्तधन दाखवतो आणि ठरावीक वजनाच्या पुढे कोट्यवधींना विकला जातो, या भाकडकथेपायी त्याची तस्करी चालते आणि वजन वाढवण्यासाठी त्याचे हाल केले जातात. पूजा करणारा, पैसा पाहणारा आणि हौसेने पाळणारा, तिघांच्याही हातून एकच गोष्ट सुटते: या जिवाला काय हवे हे विचारणे.

महाराष्ट्रात सापांची ओढ असलेल्या मुलांसाठी वाट बंद आहे असे मुळीच नाही. १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास राहून दाखवणाऱ्या नीलिमकुमार खैरे यांनी पुढे कात्रजचे सर्पोद्यान उभे करण्यात पुढाकार घेतला, आणि पाहता पाहता कितीतरी तरुण सापाला मारण्याऐवजी वाचवायला शिकले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप चित्रांवरून नीट ओळखायला शिका. पावसाळ्यात साप घरात का येतात, उंदीर आणि अडगळ यांचा त्यात काय हात आहे, हे समजून घ्या. घरात साप निघाला तर त्याच्यावर नजर ठेवून वनखात्याला किंवा नोंदणी असलेल्या सर्पमित्राला कळवा. यात साप तुमचा होत नाही, पण जिवंत राहतो. आणि ज्याला सापाची खरी आवड आहे त्याला एवढे पुरेसे वाटले पाहिजे.

जिथे कायदा परवानगी देतो तिथे पहिला साप आणू पाहणाऱ्याने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. पिल्लू बंदिवासात जन्मले याचा कागद आहे का? साप यायच्या आधी पेटी महिनाभर चालवून तिचे दोन्ही टोकांचे तापमान लिहून पाहिले आहे का? झाकणाला कुलूप आहे का? फ्रीझरमध्ये मेलेले उंदीर ठेवायला घरातली सगळी माणसे राजी आहेत का? साल्मोनेला जंतूचा धोका ओळखून पाच वर्षांखालच्या मुलाला सापापासून लांब ठेवता येईल का? जवळ सापांचा वैद्य आहे का? वीस वर्षांचा शब्द देता येतो का? आणि शेवटचा: या वीस वर्षांत त्याने एकदाही ओळख दाखवली नाही, तरी दर आठवड्याला पेटी साफ करणार का?

शेवटच्या प्रश्नाला मनापासून 'हो' येत असेल, तर साप जरूर आणा. तुमच्या घरात तो बरा राहील. उत्तर द्यायला जरा जरी अडखळलात, तर साप आणू नका.